खांद्याची झीज आणि व्यायामाची भीती

वाचकाचं पत्र:

“मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. तीसेक वर्षं फळ्यावर लिहिण्यात गेली. गेल्या तीन वर्षांपासून उजवा खांदा आतून ठणकतो. केस विंचरताना हात डोक्यामागे पोचत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, रात्री उजव्या कुशीवर वळलं की जाग येते. एक्स-रेमध्ये खांद्याच्या सांध्यात मध्यम झीज आणि हाडाची थोडी वाढ दिसली. ‘हात जपून वापरा, फिजिओथेरपी करून बघा’ असा सल्ला मिळाला. दहा दिवस मशीनचा शेक घेतला, त्याने दोन तास बरं वाटायचं. अकराव्या दिवशी हात जोर लावून वर ताणला गेला आणि पुढच्या दोन रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून सगळं बंद केलं. आता बहुतेक कामं डाव्या हातानेच करते. मधुमेह आहे, गोळ्यांनी आटोक्यात आहे. माझा प्रश्न असा, की आधीच झिजलेला सांधा हलवत राहिलं तर तो आणखी झिजणार नाही का? फिजिओथेरपीचा खरंच उपयोग असतो की शेवटी ऑपरेशनच करावं लागतं?”

नमस्कार बाई,

शिक्षिकेला दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारावी ते मला सुचत नाही, म्हणून बाईच म्हणते.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. खांदा हलवायला हवा. बेताने, रोज आणि टप्प्याटप्प्याने हलवलेला सांधा त्यामुळे लवकर झिजत नाही. न हलवलेला सांधा मात्र नक्की आखडतो. तुमच्या पत्रातली मला सर्वात जास्त खटकलेली ओळ एक्स-रेची नाही, ‘बहुतेक कामं डाव्या हातानेच करते’ ही आहे. दुखऱ्या खांद्याचं खरं नुकसान तिथून सुरू होतं.

‘झीज’ हा शब्द आपल्याला फसवतो. तुमच्या हातात इतकी वर्षं खडू होता. लिहिलं की खडू झिजतो, डब्यात ठेवला की तसाच राहतो. सांध्याचंही तसंच असेल असं वाटणं अगदी साहजिक आहे, पण सांधा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा जो गुळगुळीत थर असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, आणि हा द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो तो हालचालीने, दाबला आणि सोडला गेल्याने. हात बांधून ठेवला की हे पोषण मंदावतं, सांध्याभोवतीचं आवरण आक्रसतं आणि दंडाचे, खांद्याचे स्नायू बारीक होत जातात. मग जो हात झिजेमुळे थोडा कमी वर जायचा, तो न वापरल्यामुळे आणखी कमी वर जाऊ लागतो, आणि आपण दोष झिजेलाच देत राहतो.

गेलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. कोणतंही मशीन, कोणतंही तेल ती परत आणत नाही. पण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात तशा वेदनेच्या नसाही नसतात. तुम्हाला जे दुखतं ते कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून, ताठरलेल्या आवरणातून आणि दमलेल्या स्नायूंमधून येतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर काम करता येतं. म्हणूनच एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसणारी काही माणसं निवांत असतात आणि थोडीशी झीज असणारी बेजार झालेली असतात. एक्स-रे हाडांचं चित्र दाखवतो; तुमचा हात काय करू शकेल ते त्यात लिहिलेलं नसतं.

शिवाय खांदा म्हणजे एकच सांधा नाही, आणि मला तुमच्याबद्दल आशा वाटते ती त्यामुळेच. शाळेत आपण ‘उखळीचा सांधा’ म्हणून शिकतो तो दंडाच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण यांचा मुख्य सांधा. खुब्याची खोबण खोल वाटीसारखी असते. खांद्याची मात्र उथळ, बशीसारखी. बशीवर चेंडू ठेवावा तसा हा प्रकार आहे. म्हणून खांदा सगळ्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच त्याला जागेवर धरून ठेवायला स्नायूंची फार गरज लागते. सांध्याला बिलगलेले चार छोटे स्नायू, ज्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात, हात उचलताना त्या चेंडूला बशीच्या मध्यावर धरून ठेवतात. ते दुबळे झाले की वरचा मोठा स्नायू चेंडूला वर खेचतो आणि आत घासाघीस होते. याशिवाय पाठीवरचं त्रिकोणी हाड, म्हणजे आपला फरा, बरगड्यांवरून सरकत असतो. आपण हात पूर्ण १८० अंश वर नेतो तेव्हा साधारण १२० अंश मुख्य सांध्यातून येतात आणि उरलेले ६० अंश फऱ्याच्या सरकण्यातून. तुमची झीज मुख्य सांध्यात आहे. फरा मोकळा आहे, तो शिकवता येतो. पाठीचा वरचा भाग वाकलेला असेल तर तो सरळ करूनही हात थोडा अधिक वर जातो. आताच करून बघा: पोक काढून बसा आणि हात वर न्या, मग ताठ बसून न्या. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

आता निदानाबद्दल थोडं, कारण तुमचं वय आणि मधुमेह पाहता ते पक्कं असलेलं बरं. मधुमेहात फ्रोझन शोल्डर, म्हणजे आवरण आक्रसून गोठल्यासारखा आखडलेला खांदा, जास्त आढळतो. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे नाव वापरलं, आणि तेव्हापासून दुखणाऱ्या प्रत्येक खांद्याला ते चिकटवण्याची सवय लागली. फ्रोझन शोल्डरमध्ये आणि झिजेत, दोन्हींत, दुसऱ्या कोणी हात उचलला तरी तो अडतो, आणि कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर फिरवण्याची हालचाल विशेष कमी होते. फरक असा की फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे बहुधा साफ असतो. झिजेत हाडांमधली फट कमी झालेली आणि कडेला हाडाची वाढ दिसते. रोटेटर कफ फाटलेला असेल तर चित्र वेगळं: दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो, स्वतःहून जात नाही. कोणी एका बोटाने खांद्याच्या अगदी माथ्यावरची जागा दाखवत असेल आणि हात छातीवरून पलीकडच्या खांद्यावर नेताना तिथेच दुखत असेल, तर झीज हसळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, टोकाच्या लहान सांध्यात असू शकते आणि तिचे व्यायाम निराळे. मानेतून येणारी कळ तर खांद्याचं सोंग घेऊन दंडात उतरते. मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, मान वळवल्यावर वाढत असेल तर मान तपासायला हवी. तुमचं आतून खोल ठणकणं, हात डोक्यामागे न जाणं आणि एक्स-रे हे सगळं मुख्य सांध्याच्या झिजेशी जुळतं. तरीही पहिल्याच भेटीत फिजिओथेरपिस्टने मान आणि रोटेटर कफ तपासले पाहिजेत. तपासले नाहीत तर तुम्ही विचारा.

काही वेळा मात्र व्यायामाचा विचारच करायचा नाही. सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला, वजन कारण नसताना उतरू लागलं, रात्रंदिवस एकसारखं दुखत राहिलं, तर थेट डॉक्टरांकडे जा. खांद्यातल्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. मधुमेहात हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं नेहमीसारखी ठळक नसू शकतात, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे.

तुमच्या आधीच्या उपचाराकडे वळते. दहा दिवस नुसता शेक आणि अकराव्या दिवशी एकदम ताण. या दोन्हींच्या मधे जी खरी फिजिओथेरपी असते, ती तुमच्या वाट्याला आलीच नाही. शेकाने स्नायू सैलावतात, बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या तास-दोन तासांत व्यायाम करायचा असतो. शेक घेऊन घरी परतलात तर ती संधी वाया गेली. टेन्स, आयएफटी यांसारखी सौम्य विजेच्या प्रवाहावर चालणारी मशीन दुखणं तात्पुरतं कमी करायला मदत करू शकतात. सांध्याची हालचाल किंवा स्नायूंची ताकद ती वाढवत नाहीत. घरी शेक घ्यायचा तर १० ते १५ मिनिटं, मधे कापड ठेवून. मधुमेहात कधीकधी त्वचेची जाणीव कमी झालेली असते आणि चटका बसलेला कळत नाही, तेव्हा शेकाची पिशवी आधी गालाला लावून बघा.

आणि तो जोराचा ताण. याबद्दल मी मनापासून बोलते, कारण व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही हे केलं आहे. हात अडतोय म्हणजे जोर कमी पडतोय, असं मला वाटायचं. एका आजोबांचा खांदा मी असाच रेटला आणि आठवडाभर त्यांना शर्ट घालता आला नाही. ते पुन्हा आले, म्हणून मला शिकता आलं. तुमच्यासारखे कितीतरी जण पुन्हा येतच नाहीत. झिजलेल्या खांद्यात हालचाल शेवटी दोन प्रकारे अडते. एक अडणं रबरासारखं असतं, हळूहळू ताणलं तर थोडं सोडतं. ते आवरण आणि स्नायू. दुसरं भिंतीला टेकल्यासारखं कडक असतं. तिथे हाड हाडाला लागतंय. हाडाची वाढ ताणून मागे जात नाही. तिथे रेटलं तर सूज तेवढी वाढते. अनुभवी हाताला हा फरक कळतो, आणि तुमच्या खांद्यात कोणत्या दिशेला कोणतं अडणं आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग किती दुखलं तर चालेल? अजिबात दुखू द्यायचं नाही असं ठरवलं तर व्यायाम होणारच नाही, आणि सहन करत राहिलं तर खांदा चिडेल. माझ्या रुग्णांना मी दोन मापं देते. पहिलं व्यायाम करतानाचं: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर तीन-चारच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. दुसरं माप जास्त महत्त्वाचं, ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. व्यायामाने वाढलेलं दुखणं २४ तासांच्या आत आधीच्या पातळीवर आलं, तर मात्रा बरोबर आहे. आलं नाही, रात्रीची झोप मोडली, सकाळी खांदा कालच्यापेक्षा ताठ वाटला, तर कालची मात्रा जास्त झाली. अशा वेळी व्यायाम बंद करायचा नसतो. दहा वेळा केला असेल तर पाच वेळा करायचा, हात जेवढा वर नेला त्याच्या थोडा अलीकडे थांबायचं. तुमच्या त्या दोन रात्री हेच सांगत होत्या, की मात्रा खूप जास्त होती. फिजिओथेरपी तुम्हाला चालत नाही, असा त्याचा अर्थ नव्हता. स्नायूंची रग आणि सांध्याची कळ यांतला फरकही ओळखायला शिका. रग दंडात, फऱ्याभोवती पसरलेली असते आणि हात मोकळा केला की ओसरते. कळ आत खोल, टोचल्यासारखी असते. रगेला घाबरू नका.

हात फिरवताना आतून करकर किंवा कटकट आवाज येत असेल तर त्याचंही भय नको. दुखत नसेल तर त्या आवाजासाठी काही करावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. हे तपासणीला पर्याय म्हणून नाही, सुरुवात कुठून होते ते तुम्हाला कळावं म्हणून.

पहिले दोन आठवडे खांद्याला विश्वास द्यायचा. टेबलाच्या कडेला डावा हात टेकून पुढे वाका, उजवा हात सैल लोंबू द्या आणि शरीर हलकेच झुलवा, म्हणजे हात लंबकासारखा आपोआप हलेल. याला कॉडमनचा व्यायाम म्हणतात, तेच १९३४ चे कॉडमन. यात बहुतेकांची चूक एकच: ते हात मुद्दाम गोल फिरवतात. तसं केलं की खांद्याचे स्नायू कामाला लागतात आणि सगळा हेतूच जातो. झुलायचं शरीराने, हात मागोमाग येतो. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन वेळा. वाकल्यावर चक्कर येत असेल तर हा सोडून द्या. मग टेबलाजवळ खुर्चीत बसून टेबलावर घडी केलेलं कापड ठेवा, त्यावर हात ठेवून पुढे सरकवा आणि सोबत कमरेतून पुढे झुका. हाताचं वजन टेबल पेलतं. हे महत्त्वाचं आहे, कारण आपला एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरतो. ६० किलोच्या माणसाचा रिकामा हातच ३ किलोचा! ‘मी काही जड उचलत नाही’ असं म्हणणारी व्यक्ती हात समोर धरते तेव्हा तेवढं वजन उचलतच असते.

हे जमलं की पाठीवर झोपून काठीचा व्यायाम. दोन्ही हातांत काठी धरून, चांगल्या हाताने दुखऱ्याला मदत करत ती डोक्याकडे न्यायची. झोपून करण्यात फायदा असा की हात छताकडे सरळ झाला की त्यापुढे त्याचं वजन तुम्हाला मदत करू लागतं. जिथे ताण जाणवेल तिथे पाच-दहा सेकंद थांबा, श्वास सोडा, परत या. दहा वेळा. त्यानंतर त्याच काठीने तुमच्या केसांसाठीची हालचाल: कोपर अंगाला, कोपराखाली आणि बगलेत टॉवेलची लहान घडी, कोपर काटकोनात. डाव्या हाताने काठी ढकलत उजवा पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. झिजेत सर्वात आधी आणि सर्वात जास्त हरवते ती हीच हालचाल, आणि डोक्यामागे हात जायला तीच लागते. इथे घाई अजिबात नको. आठवड्याला चार-पाच अंश मिळाले तरी आनंद माना, आणि नाही मिळाले तर तिथे हाड अडतंय का हे तपासून घ्या.

ताकदीचं काम याच्या जोडीनेच सुरू होतं, हालचाल पूर्ण येईपर्यंत थांबायचं नसतं. भिंतीजवळ उभं राहून कोपर अंगाला टेकवा, मुठीने भिंतीवर हलका दाब द्या, हात हलू देऊ नका. पूर्ण ताकदीच्या पाव भागाएवढाच दाब, पाच ते दहा सेकंद, पाच वेळा. मूठ पुढे, पंजाची मागची बाजू बाहेर, तळहात आत, असे तिन्ही दाब. सांधा न हलवता स्नायू जागे होतात, म्हणून दुखऱ्या काळातही हे बहुधा सोसतं. फऱ्यासाठी ताठ बसून दोन्ही फरे मागे आणि किंचित खाली ओढायचे, जणू पाठीमागे त्यांच्या मधे पेन्सिल धरली आहे. खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. तुम्हाला दुखऱ्या बाजूचा खांदा चढवून काम करायची सवय नकळत लागली असणार. जवळपास सगळ्यांना लागते, आणि मग मान दुखू लागते. आरशासमोर एकदा बघा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रबरी पट्टी. दाराच्या कडीला बांधून, कोपर अंगाला ठेवून आत-बाहेर ओढणं, आणि दोन्ही हातांनी ती पोटाकडे ओढून फरे जवळ आणणं. दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. स्नायू विश्रांतीत घडतात, म्हणून हे रोज नको. पंधरा वेळा सहज होऊ लागलं की पट्टी थोडी जाड घ्यायची. शेवटच्या टप्प्यात भिंतीवर बोटांनी वर चढत जाणं आणि मग, बाई, पुन्हा फळा. भिंतीवर कागद लावून खांद्याच्या उंचीवर मोठी अक्षरं काढा, दर आठवड्याला कागद दोन बोटं वर सरकवा. जे काम हाताने तीस वर्षं केलं, त्याचं वळण त्याला अजून आठवत असेल.

यासोबत रोज अर्धा तास भरभर चालणं, हात मोकळे हलवत. त्याने साखरही आटोक्यात राहते आणि झोपही सुधारते, आणि न झोपलेल्या माणसाला तेच दुखणं दुप्पट वाटतं.

झोपेचा प्रश्न तर आज रात्रीच सोडवायला घेता येईल. पाठीवर झोपताना उजव्या कोपराखाली आणि दंडाखाली उशी ठेवा, म्हणजे हात मागे लोंबून सांधा ताणला जाणार नाही. डाव्या कुशीवर झोपत असाल तर छातीपाशी मोठी उशी घ्या आणि उजवा हात तिच्यावर ठेवा. उजव्या कुशीवर काही महिने नको. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणून ठेवा. जड वस्तू अंगाजवळ, कोपर वाकवून धरा. तीच वस्तू हात लांब करून धरली की खांद्यावरचा भार कितीतरी पटींनी वाढतो. केस विंचरताना कोपर टेबलावर टेकवा, डोकं हाताकडे झुकवा, लांब दांड्याचा कंगवा वापरा. पण उजव्याच हाताने विंचरा. सगळं डाव्या हातावर सोपवू नका. उजव्याला सोपं करून द्या.

किती दिवसांत फरक पडेल? दुखण्यात आणि झोपेत बहुधा तीन-चार आठवड्यांत काही जाणवतं. ताकद आणि वापर यांचा खरा अंदाज यायला सहा ते बारा आठवडे लागतात. रोज क्लिनिकमध्ये जाण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा तपासणी आणि मात्रा बदलून घेणं, बाकी काम घरी. चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी कोनमापकाने हालचाल मोजून लिहून ठेवतो, ताकद बघतो आणि तुम्हाला कोणतं काम परत हवं आहे ते विचारतो. ‘दुखणं कमी करायचं’ हे ध्येय फार मोघम आहे. ‘बारा आठवड्यांत कंगवा डोक्याच्या मागच्या भागाला लागला पाहिजे’ असं सांगा. हाताने सांध्याला हलकी हालचाल देण्याचं तंत्र, ज्याला मोबिलायझेशन म्हणतात, ते कसबी हातांनी आणि व्यायामाला जोडून केलं तर उपयोगी पडतं. सहा आठवड्यांनंतरही तोच शेक, तेच मशीन आणि वहीत एकही आकडा नाही, असं असेल तर दुसरीकडे जा, संकोच करू नका.

फिजिओथेरपीच्या उपयोगाबद्दल एक खरी गोष्ट लपवत नाही. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेत व्यायामाचा फायदा कितीतरी अभ्यासांतून दिसला आहे. खांद्याच्या झिजेवरचे अभ्यास त्या मानाने थोडे आहेत. अस्थिरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन ॲकॅडमीने २०२० मध्ये खांद्याच्या झिजेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही काही रुग्णांना फिजिओथेरपीचा फायदा होऊ शकतो, असं तज्ज्ञांचं मत म्हणूनच सांगितलं आहे. त्याच तत्त्वांत सांध्यात देण्याच्या हायलुरॉनिक ॲसिडच्या, म्हणजे ‘वंगणाच्या’ इंजेक्शनाचा खांद्याच्या झिजेत फायदा नाही, हे मात्र ठाम पुराव्यानिशी म्हटलं आहे. कोणी ते सुचवलं तर हा प्रश्न जरूर विचारा. माझ्या अनुभवात मध्यम झीज असलेल्या आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम करणाऱ्या बऱ्याच जणांचं रोजचं जगणं सुकर होतं, आणि या प्रयत्नात गमावण्यासारखं फार थोडं आहे.

दुखण्यामुळे व्यायामच होत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवडा-दोन आठवडे औषधाचा आधार घ्यायला हरकत नाही. वेदनाशामक गोळ्यांचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा मधुमेह आहे हे सांगूनच घ्या, स्वतःच्या मनाने नको. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देऊ शकतं. त्यानंतर काही दिवस साखर वाढते, त्यामुळे ती तपासत राहा. त्या आरामाच्या आठवड्यांत व्यायाम पुढे नेला तरच इंजेक्शन सार्थकी लागतं. आणि इंजेक्शननंतर साधारण तीन महिने सांधा बदलण्याचं ऑपरेशन टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

ऑपरेशन वाईट नाही. नीट तीन ते सहा महिने प्रयत्न करूनही रात्रीची झोप मिळत नसेल, रोजची साधी कामं अडत असतील, तर सांधा बदलण्याबद्दल सर्जनशी बोला. रोटेटर कफ शाबूत असेल तर नेहमीच्या रचनेचा कृत्रिम सांधा बसवता येतो. कफच निकामी झाला असेल तर गोळा आणि खोबण यांची अदलाबदल केलेला, ‘रिव्हर्स’ प्रकारचा सांधा वापरतात. दोन्हींनंतर काही आठवडे हात झोळीत आणि पुढे काही महिने फिजिओथेरपी असतेच. ऑपरेशनच्या आधी ज्याचे स्नायू जागे असतात, त्याला ते महिने सोपे जातात. म्हणजे आज केलेला व्यायाम त्याही वाटेवर कामी येतो. पण तुम्ही सांगता तेवढ्यावरून तुमची पाळी अजून आलेली नाही; तुमचा खरा प्रयत्न व्हायचाच राहिला आहे.

आता एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: आज काय आणि किती वेळा केलं, करताना दुखणं किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती. पहिल्या पानावर आजची तारीख घाला आणि भिंतीला पाठ टेकून उभं राहून उजवा हात समोरून कुठपर्यंत वर जातो तेवढं लिहा: छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत, कपाळापर्यंत, जे असेल ते. उद्या अंघोळीनंतर, खांदा गरम असतानाच, दोन मिनिटं लंबक आणि दहा वेळा टेबलावर हात सरकवणं, एवढंच करा. परवा सकाळचा रकाना भरा. दोन आठवड्यांची पानं झाली की ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा आणि बसल्या बसल्या आधी तीच त्यांच्यासमोर ठेवा.